हिरव्या दोऱ्याचा सोफा

रौशनने वाफेचं मशीन चालू केलं आणि सोफ्याच्या तळाची धूळ काढायला तो एका बाजूने उचलला, तर खालच्या कापडावर हिरव्या दोऱ्याची वेडीवाकडी शिवण दिसली. ती तिचीच होती. घरात तपकिरी दोरा नव्हता म्हणून हिरव्याने शिवलेली.

कझाकस्तानातल्या अल्माटी शहरभर लोकांचे सोफे, गाद्या, खुर्च्या साफ करत हिंडणाऱ्या रौशनला स्वतःचा सोफा असा परक्याच्या घरात भेटेल असं कधी वाटलं नव्हतं. मुलगा दानेल कारखान्यात नोकरीला कोरियाला गेला, मागे ती एकटीच उरली. लहान खोलीत राहायला जाताना तिने सोफा विकला होता. शाळेची सगळी वर्षं दानेल त्याच्यावरच झोपला होता.

"काय झालं गं? मोडला का?" घरमालकीण बातिमाआपा दारातून म्हणाल्या. सत्तरीच्या, पण आवाज खणखणीत.

"नाही आपा. हा माझाच होता."

आपांनी जवळ येऊन सोफ्यावर झाकलेली चादर ओढली. बसायच्या जागी निळ्या शाईचा मोठा डाग होता. "मग हे प्रताप तुझ्या घरचे? रविवारी नातीला बघायला तिच्या होणाऱ्या सासरची माणसं यायचीत, म्हणून तर तुला बोलावलं."

"माझ्या मुलाचे. गणितं करता करता झोपायचा, पेन तसंच उघडं."

आपांनी डागावरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "राहू दे तो डाग. वर उशी ठेवते मी."

रौशनला क्षणभर वाटलं, हो म्हणावं. पण पाहुणे उशी उचलणारच.

"नको आपा. काम घेतलंय ना."

शाईवर थेट वाफ मारली तर ती पसरते. तिने आधी स्पिरिटमध्ये भिजवलेलं फडकं हलक्या हाताने दाबलं, उचललं, पुन्हा दाबलं. निळा रंग थोडा थोडा फडक्यावर येत गेला. डोळे भरून आले, तरी तिचा हात थांबला नाही. शेवटी वाफ फिरवली. ओल्या कापडाचा उबदार वास सुटला, आणि झोपेतून उठलेल्या पोराला कुशीत घेतल्यासारखं तिला वाटलं.

सोफा वाळेपर्यंत आपांनी वाट्यांमध्ये दुधाचा चहा आणि बावर्साक, म्हणजे पिठाचे तळलेले गोळे, पुढे ठेवले. "लाव की फोन त्याला. बघत काय बसलीस?"

"कामावर असेल."

"असू दे. आई आहेस तू, साहेब नाहीस त्याचा."

दानेलने लगेच उचलला. मागे यंत्रांची घरघर होती. तिने सोफा भेटल्याचं सांगितलं तसा तो हसला.

"तो आखूड सोफा? आई, इथे चांगला लांबलचक पलंग आहे मला, तरी मी अजून पाय दुमडूनच झोपतो. सगळे चिडवतात."

"सरळ झोपत जा रे."

"जमत नाही. तू कशी आहेस?"

"बरी आहे," ती म्हणाली. मग म्हणाली, "तू ये रे एकदा."

"उन्हाळ्यात सुट्टी मागून बघतो," तो म्हणाला. असं तो दरवर्षी म्हणायचा.

फोन ठेवल्यावर आपांनी तिच्या वाटीत पुन्हा चहा ओतला, आणि दोघी सोफ्याकडे बघत बसून राहिल्या.