चोचीबाईंचा आकडा

"बाई, ही चोच वरची आहे, तुम्ही खालच्यांत टाकलीत," असं मी म्हणायला नको होतं. पण बोलून गेलो. माझ्या जिभेला हाड म्हणून नाही.

बाईंनी चिमटा खाली ठेवला. आमच्या प्रयोगशाळेत सगळे त्यांना चोचीबाई म्हणायचे. मी तिथला भांडारवाला, बरण्या आणि स्पिरिट देणारा. किनाऱ्याला मेलेला देवमासा लागला की त्याच्या पोटातला ऐवज बाईंच्या टेबलावर यायचा. हा दातवाला देवमासा खोल काळोखात उतरतो, टकटक आवाज सोडून पडसादावर माकूळ, म्हणजे दहा हातांचा तो मऊ समुद्रजीव, हेरतो आणि न चावता अख्खा गिळतो. मांस विरघळतं, माकुळाच्या तोंडातली पोपटासारखी टणक चोच मात्र पचत नाही. बाई त्या चोची धुऊन वरच्या-खालच्या वेगळ्या करायच्या. खालच्या चोचीवरून माकुळाची जात कळते, म्हणून त्या मोजायच्या. सव्वीस वर्षं हेच काम. त्यांचा आकडा आमच्या प्रमुख मॅडम पुन्हा तपासत नसत, आणि बाईंच्या अंगावर तेवढाच एक दागिना होता.

या खेपेला दोन बादल्या चोची निघाल्या होत्या. बाई आधी चोच नाकाशी नेऊन बघत, मग तेही सोडून नुसता अंगठा फिरवत. मला वाटलं, सरावाचा हात आहे.

"दोन्ही डोळ्यांना मधलंच दिसत नाही," त्या हळूच म्हणाल्या. चष्म्याने सुधारणारं नाही, असं डॉक्टरांनी केव्हाच सांगितलं होतं. घरी सख्ख्या बहिणीलाही पत्ता नव्हता. निवृत्तीला चार महिने उरलेले. कळलं असतं तर टेबल गेलं असतं आणि बाईंना फाटकाशी आल्यागेल्यांच्या सह्या घ्यायला बसवलं असतं.

मी आपला शहाणपणा पाजळला. म्हटलं, झाकली मूठ ठेवा. मासा मेला, माकूळ तर त्याआधीच मेले, आता तक्रार करायला येतंय कोण? शिवाय तो देवमासा तरी कुठे बघून खातो? काळोखातच भरतो ना पोट?

"तो स्वतःचं पोट भरतो हो," बाई म्हणाल्या. "मला दुसऱ्याला सांगायचं असतं, त्याने काय खाल्लं ते."

जेवणाच्या सुट्टीत त्यांनी डबा उघडलाच नाही. मॅडमचा अहवाल दुसऱ्या दिवशी जायचा होता. तीन वाजता बाई उठल्या, केस सारखे केले आणि मॅडमच्या खोलीत गेल्या. मी उगाच मागोमाग गेलो, दाराशी उभा राहिलो.

"मॅडम, या माशाचा माझा आकडा धरू नका. मला दिसत नाही."

मॅडम रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी फोन करून अहवाल थांबवला आणि बाईंच्या टेबलाशी येऊन बसल्या. दोन दिवस स्वतः भिंगाखाली एकेक खालची चोच तपासली. बाई शेजारी बसून बरण्यांची झाकणं उघडून देत होत्या. झाकणं त्यांना न बघता उघडता यायची. मी चहा आणून ठेवत होतो आणि तो निवत होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मॅडमनी भिंग बाजूला केलं.

"किती चुकल्या?" बाईंनी विचारलं.

खोटं सांगावं, निदान चार-पाच कमी सांगाव्यात, असं मला फार वाटलं. मॅडमनाही वाटलं असणार, कारण त्यांनी कागदावरची बेरीज पुन्हा एकदा केली.

"एकतीस."

बाईंनी मान हलवली. सव्वीस वर्षांत एकतीस, असं मी म्हणणार होतो; पण त्या एकाच माशातल्या होत्या, हे मलाही कळत होतं. त्या मोरीशी गेल्या, चिमटा साबणाने धुतला, पदराला पुसला, दोन्ही टोकं जुळतात का ते बोटाने पाहिलं. मग टोक स्वतःकडे ठेवून तो मॅडमपुढे धरला. घेण्यासाठी मॅडम उठून उभ्या राहिल्या.