शून्यावरचा काटा

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दिवशी सकाळी दहा वाजता भाईदास पाटलांनी नवव्या मजल्यावरच्या जिन्याजवळच्या नळाचे लाल चाक फिरवून घट्ट बंद केले, आणि त्या क्षणापासून त्यांना घरात बसवेना.

या घरासाठी त्यांनी दिंडोलीतल्या दोन इमारती नाकारल्या होत्या. आधी राहत त्या नवागामच्या चाळीत शेजारचा उखा खोलीला लागलेल्या आगीत गेला, तेव्हा दारातले पाण्याचे पिंप कोरडे होते. पुढे त्यांनी एकच हट्ट धरला: छतातून आपोआप पाणी सुटेल तेच घर. राहत्या नव्या इमारतींना ही सक्तीच हवी, असा वाद ते सचिन गावातल्या कारखान्यात, रिक्षात, लग्नाच्या पंगतीतसुद्धा घालीत. अखेर तसे घर मिळाले. प्रत्येक खोलीच्या छतात पितळी फवारा, आणि फवाऱ्यात लाल द्रव भरलेली काचेची नळी. तापून ती फुटली की पाणी कोसळायचे.

नेमक्या त्याच फवाऱ्याखाली त्यांच्या पत्नी उषाबाईंनी पत्रा अंथरला, विटा रचल्या आणि चूल मांडली. हर्षदा लग्नानंतर प्रथमच आखाजीला माहेरी आली होती. खानदेशच्या लेकीला या सणाला खापरावरचे मांडे हवेतच. आणि खापर, म्हणजे ते उपडे मातीचे भांडे, लाकडाच्या जाळावरच तापवायचे. गच्चीला कुलूप होते, गॅलरीत वारा होता.

"गॅसवर कर," भाईदास म्हणाले होते.

"गॅसवर खापर तडकस. पोर वरीसभरनी येयेल शे, तिले काय बिस्किट देऊ? ते तुमनं पानी घडीभर बंद करा!"

त्यांनी ते बंद केले; आणि त्या एका चाकासरशी मजल्यावरच्या चारही घरांचे छत मुके झाले.

उषाबाईंनी कोपरापर्यंत झुलवत पसरवलेला मांडा खापरावर टाकला. भाईदास खुर्चीवर बसले, उठले, दारापर्यंत गेले, परत आले. जाळ वाढला की मान वर जाई.

"आबा, शांतिथी बेसो ने!" हर्षदा शहरातल्या गुजरातीत म्हणाली आणि हसली. "मांडा खाली आहे, तुम्ही वर काय बघता?"

तेवढ्यात एक ठिणगी उडून पडद्याच्या काठावर बसली. उषाबाईंनी ती हातानेच चुरगळली. काठाला बोटभर काळे भोक पडले.

"पुरे झालं. चूल विझव. मी चाक उघडतो."

"आजून दोनच मांडा बाकी शेत!"

ते थांबले नाहीत. बाहेर येऊन त्यांनी चाक पूर्ण उघडले आणि नळाला कान लावला. पाणी चढल्याचा आवाज नाही. मग त्यांनी चाकावरच्या, पाण्याचा दाब दाखवणाऱ्या तबकडीकडे पाहिले. काटा शून्यावर होता.

ते सचिनच्या रंगाई कारखान्यात बॉयलर सांभाळीत. अठ्ठावीस वर्षे ते दर अर्ध्या तासाने काटा पाहत; तो पाहिल्यावाचून त्यांनी कोणत्याही चाकाला हात लावला नव्हता. आज मात्र आपणच मागितलेले पाणी आपणच तोडतो आहोत, या लाजेने त्यांनी मान वळवून चाक फिरवले होते. त्यांनी खालचा निचऱ्याचा नळ सोडला. तळहातावर सिमेंटची चिमूटभर भुकटी पडली; ती त्यांनी मुठीत धरली. या नळीत पाणी कधी आलेच नव्हते.

ते घरात परतले. खापरावर मांडा अर्धा भाजला होता. त्यांनी मोकळ्या हाताने जळती लाकडे एकेक करून बादलीत बुडवली. घर धुराने भरले.

"पानी उघाडं ना?" उषाबाई ओरडल्या. "मंग आते चूल कसाले इझाडी?"

"उघडलं. पाणीच नाही. चार महिने आपण कोरड्या नळाखाली झोपलो."

हर्षदाचे हसू मावळले. भुकटीची मूठ तशीच आवळून भाईदासांनी समोरच्या वानखेड्यांची घंटा दाबली.

धुराचा वास घेत अमरावतीकडचे वानखेडे दारात आले. "काय भाऊ, मांडे जाळले वाट्टे? आमचा वाटा कुठी हाय?"

"वाटा आहे," भाईदास म्हणाले आणि त्यांनी मूठ उघडली. "चपला घाला. काटा दाखवतो. मग बाकीची दारं तुम्ही त्या बाजूने वाजवा, मी या बाजूने."