बोटीत आधी घरचं माणूस

आमच्या अंबडच्या शेडमध्ये जहाजाच्या लाइफबोटी बनतात असं सांगितलं की लोक आधी हसतात. नाशकात समुद्र कुठून आला? गोदावरीला गुडघाभर पाणी, तेही धरणवाले सोडतील तेव्हा. हसोत बापडे. ज्याला पोहता येत नाही त्यानेच बोट बनवावी, तो भोक ठेवत नाही, असं आमचे मालक म्हणायचे.

मालक म्हणजे माझा नवरा, मोतीराम. दिंडोरी-निफाडच्या द्राक्षवाल्यांना फवारणीसाठी फायबरच्या टाक्या करून द्यायचे. टाकी धुऊन पहिलं पाणी भरलं की त्यातलं तांब्याभर स्वतः प्यायचे, मग ती गिऱ्हाइकाच्या ट्रॅक्टरवर चढायची. पुढे जहाजांना सामान पुरवणारा मुंबईचा एक साहेब भेटला आणि टाकीच्या साच्याशेजारी बोटीचा साचा आला. पण सवय गेली नाही. बोट पुरी झाली की गर्डरला टांगून पहिल्यांदा वर घ्यायची, तेव्हा आत घरचं माणूस बसलेलं पाहिजे. पहिल्या बोटीत ते बसले, दुसरीत मी बसले. नऊवारीचा काष्टा घालून बसले, आणि वरून सगळ्यांना सांगितलं, तुमची टकलं दिसतायत.

ज्यांनी बोट पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. होडी नसते ती. केशरी भोपळा असतो, चारी बाजूंनी बंद. झाकणं लावली की आत थेंब येत नाही. लाटेने उलटी झाली तर आपली आपण सुलटी होते, पण कधी? आतल्या प्रत्येकाने पट्टा बांधला असेल तर. एक जरी शहाणा मोकळा बसला तर वजन हलतं आणि भोपळा पालथाच राहतो. आत कुऱ्हाडी दोन, एक पुढे एक मागे. बादल्या, साखळीचं ओगराळं, मापाचा पेला, शिट्टी, आरसा, ओकारीच्या गोळ्या, बिनमिठाची बिस्किटं. मासे धरायला गळसुद्धा. पाण्याच्या पिशव्या असतात, पण पहिल्या दिवशी कुणाला घोटभरही द्यायचं नाही असा नियम आहे. तो नियम एखाद्या सासूनेच केला असावा. आणि प्रत्येक वस्तू दोरीने बांधलेली, कारण समुद्रात सुटं ते गेलं.

हे सगळं बांधायचं काम माझ्या सुनेचं, मोहिनीचं. पोरगी नांदगावची. पाणी पाहिलं ते टँकरचं. लग्न होऊन आली तेव्हा मी तिला म्हटलं होतं, "तुला बोटीतलं काय कळणार गं, तुमच्याकडे तर बेडूकसुद्धा पाहुणा म्हणून येतो." ती म्हणाली, "म्हणूनच आई, आम्ही भांडं गळतं ठेवत नाही." तेव्हाच मी ओळखलं, हिच्याशी जपून भांडायचं.

मालक गेले आणि शेड मुलाकडे आली. अश्विनकडे. डिप्लोमा झालेला, दात पांढरेशुभ्र, बोलणं गोड. पण पहिल्या उचलीच्या दिवशी ह्याची कंबर धरायची. नाहीतर फोन यायचा. नाहीतर उपास असायचा. मग म्हणायचा, "मोहिनी बसेल. हलकी आहे." ती बसायची. प्रत्येक बोटीत तीच बसली. घरचं माणूस बसतंय ना, मग झालं.

कुंभमेळ्याच्या साली गोष्ट घडली. पर्वणीसाठी रस्ते बंद होणार होते, त्याआधी बोटीचा ट्रक नाशकाबाहेर पडायला हवा होता. साहेबाला अश्विनने छाती ठोकून शब्द दिला होता. बोट तयार होती, पण हूक आले नव्हते. हूक म्हणजे बोटीचा जीव. पुढच्या टोकाला एक, मागच्या टोकाला एक. त्यांत साखळीच्या कड्या अडकतात आणि बोट जहाजाला टांगलेली राहते. पाण्यावर उतरली की आतून दांडी ओढायची, दोन्ही हूक एकदम उघडतात आणि बोट मोकळी. दांडी न ओढताच एखादा उघडला, तर आतली माणसं बुडायच्या आधीच आपटून मरतात.

दोन दिवस अश्विन हूक-हूक करत फिरला आणि तिसऱ्या दिवशी सकाळी हूक बसलेले दिसले. चकाचक, केशरी.

मी विचारलं, "नवे आले?"

"नवेच. फर्स्टक्लास."

तो चहाला गेल्यावर मी बोटीवर चढले. हुकाला रंग कोण देतं? रंग सांध्यात बसला तर हूक पुरा मिटत नाही, हे मालकांनी मला अंगठाछाप असताना शिकवलं होतं. केसातला आकडा काढून खरवडलं. खाली गंज आणि गंजाखाली खड्डे. मोडीत निघालेल्या कुठल्या तरी जहाजाचे हूक होते ते. आकडा पुसून परत अंबाड्यात खोचला आणि खाली उतरले.

तेवढ्यात अश्विन आला. बोटीच्या सीटांवर माणसाच्या वजनाच्या वाळूच्या गोण्या बसवल्या होत्या, मोहिनीने त्यांना पट्टेसुद्धा बांधले होते. ती पदर खोचून बोटीकडे निघाली, तर हा म्हणतो, "तू राहू दे. आज पुंजा बसेल."

पुंजा आमचा जुना गडी, पेठकडचा. तो गडबडला. "मी? मी कसा बसू दादा, घरचं मानूस लागतंय ना?"

"अरे, तू घरचाच आहेस!"

आजवर पुंजाला आमच्याकडे चहा वेगळ्या कपात मिळत होता. त्या दिवशी तो घरचा झाला. मी समजले. ह्याला हूक कसे आहेत ते पक्कं माहीत आहे. बायको वाचवतोय आणि पुंजा मारतोय. वाईट वाटलं, पण थोडं बरंही वाटलं, खोटं कशाला बोलू. निदान बायको तरी ह्याला हवी आहे.

तरी मला खात्री करायची होती. मी म्हटलं, "पुंजाचं चार पोरांचं घर आहे. मोहिनी बसेल. आजवर तीच बसलीय. आज काय नवीन आहे?"

"आई, तिला बरं नाहीये."

"मला काय झालंय?" मोहिनी म्हणाली.

"हूक नवे आहेत ना रे?" मी सगळ्यांसमोर विचारलं.

"नवेच आहेत."

"मग बस गं तू."

मोहिनी आत गेली. सुकाणूची सीट उंचावर असते, तिथे बसली आणि पट्टा आवळला. झाकण उघडंच ठेवलं होतं. गर्डरला उचलायच्या दोन कप्प्या, पुढचीची साखळी ओढायला अश्विन, मागचीची ओढायला पुंजा. मी अश्विनच्या समोर उभी राहिले, त्याचा चेहरा दिसेल अशी.

एक शब्द पुरे होता. "थांबा" म्हणाला असता तरी चाललं असतं. कंबर धरली म्हणाला असता तरी मी त्याचं ऐकलं असतं. चार कामगार बघत होते आणि साहेबाला शब्द दिलेला होता. त्याने माझ्याकडे पाहिलं, बोटीकडे पाहिलं, ओठ चाटले. आणि साखळी ओढली.

साखळी ताणली. बोट लाकडी पाळण्यात कुरकुरली, अजून सुटली नव्हती. मी ओरडले, "बास! सोड!"

पुंजाने हात काढला. अश्विनने काढायला वेळ लावला.

मी मोठ्याने म्हटलं, "हे हूक भंगारातले आहेत. मी खरवडून पाहिलेत. ह्याला माहीत होतं. माहीत असून ह्याने तुला उचललं, मोहिने."

मोहिनी पट्टा सोडून बाहेर आली. शिडीवरून सावकाश उतरली, एकेक पाय टेकवत. रडेल म्हणून सगळे बघत होते. ती आधी माझ्याकडे आली.

"तुम्हालाही माहीत होतं, आई."

"होतं."

"आणि बसवलंत."

"तो काय करतो ते बघायचं होतं."

"बघितलंत?"

"बघितलं."

मग ती अश्विनकडे वळली. आवाज चढवला नाही. "अहो, आता तुम्ही बसा."

"वेडी झालीस का? आई काहीही बोलते. हूक चांगले आहेत, नुसते रंगाखाली जुने दिसतात."

"चांगले आहेत तर बसा की."

एक कामगार खोकला. दुसरा तोंड फिरवून हसला. अश्विनचे कान लाल झाले. मला वाटलं, आता तरी म्हणेल, चुकलो, उतरवा हूक. पण त्याच्या बापाचा हट्ट त्याला मिळाला होता आणि अक्कल मिळाली नव्हती. तो शिडी चढून आत गेला.

"पट्टा बांधा," मोहिनी खालून म्हणाली.

"एवढ्याशा उंचीला कशाला पट्टा? ओढ तू!"

तिने पदर पुन्हा खोचला आणि पुढची साखळी हातात घेतली. पुंजा माझ्याकडे बघत होता. "बाई, काय करू?" मी मागे सरले. मालकीण कोण, ते त्याने त्या वेळी स्वतःच ठरवलं आणि मोहिनीच्या हाताकडे बघून साखळी ओढायला लागला.

बोट पाळण्यातून सुटली. गुडघाभर वर गेली, कमरेएवढी गेली. आतून अश्विन ओरडला, "दिसतंय ना? धरलंय ना?" आवाजात पोरासारखी फुशारकी होती. मोहिनी थांबली नाही. छातीएवढी झाल्यावर ती पुढचा हात घालते न घालते तोच पुढचा हूक उघडला.

मोठा आवाज आधी फरशीचा आला. नाक खाली, शेपूट वर, मागच्या हुकावर बोट लोंबत राहिली. गोण्या जागच्या हलल्या नाहीत, त्यांना पट्टे होते. अश्विनला नव्हता. तो सुकाणूपासून थेट पुढच्या टोकाला जाऊन आदळला. मग आतून आवाज यायला लागला. तो आवाज मी त्याच्या लहानपणीही ऐकला नव्हता.

मी धावले. मोहिनीने माझा दंड धरला.

"थांबा. मागचा हूक पण तसलाच आहे. आधी खाली टेकवू, नाहीतर तुम्हीही खाली सापडाल."

"अगं, तो आत ओरडतोय!"

"ओरडतायत म्हणजे जिवंत आहेत."

मला तिने तिथेच उभं केलं. कामगारांना बोटीखाली लाकडं सारायला लावली, ती पक्की बसलीत की नाही ते वाकून पाहिलं, मग पुंजाला मागची साखळी हळूहळू सोडायला सांगितलं. प्रत्येक कडीला आतून किंकाळी येत होती. तिने हाताने खूण करायची, पुंजाने एक कडी सोडायची. घाई केली नाही. बरोबर तेच करत होती ती, मालकांनीही तसंच केलं असतं. पण मालकांचा चेहरा तिच्यासारखा थंड राहिला नसता.

जबडा दोन ठिकाणी मोडला, खांदा गेला, पुढचे दात गेले. दुपारी साहेबाचा माणूस ट्रक घेऊन आला. मोहिनीने त्याला दारातूनच सांगितलं, बोट तयार नाही, पर्वणी होऊन जाऊ दे. तो तावातावाने बोलायला लागला तर तिने त्याला आत नेऊन फरशीवरचं रक्त दाखवलं. तो ट्रकमध्ये बसून गेला.

आता शेड ती बघते. पुंजा घरातल्याच कपात चहा पितो. मला ती जेवायला वाढते, तब्येत विचारते, आणि शेडच्या किल्ल्या रात्री स्वतःच्या उशाशी ठेवते. मी मागितल्या नाहीत. मागितल्या तरी देणार नाही, ते मला माहीत आहे, आणि हेच मी तिच्या जागी केलं असतं.

अश्विनच्या जबड्याला तारा बांधल्या होत्या. दातांच्या फटीतून पेज घालावी लागायची. मोहिनी ते करायची नाही, म्हणून मी करायची. एकदा चमचा तोंडाशी नेला तर त्याने मान फिरवली. तारांतून शब्द नीट यायचे नाहीत, पण मला कळले.

"आई, तू मला आत जाऊ दिलंस."

"तू तिला जाऊ दिलंस."

"तू पण."

"मी पण," मी म्हटलं. "गिळ आता. गार होतेय."