क्रोवेलांच्या दारातलं वाचन

दर ऑगस्टात अमेरिकेतल्या मेन राज्याच्या किनाऱ्यावरचं ते कोळ्यांचं गाव आपल्या लेखकाचं पुस्तक दारोदार वाचत फिरे. जो प्रसंग ज्या घरचा, तो त्याच दारात, त्याच घरच्या माणसानं वाचायचा. लेखक खराच मोठा! जाळ्यांच्या गोदामाच्या माळ्यावर राहून त्यानं या खारट, भांडखोर गावाचं सोनं केलं होतं. फक्त क्रोवेलांचं दार आलं की मंडळी मुकाट्यानं पानं उलटून पुढे सरकत.

त्या पानांत अल्मायरा क्रोवेलच्या आजीला, डॉर्कसला, चोर म्हटलं होतं. अल्मायराच्या वडिलांनी पुस्तक चुलीत घातलं आणि घरात लेखकाचं नाव काढायला बंदी झाली. ऐंशीला टेकलेली अल्मायरा आता घराण्यातली शेवटची. ती पानं न वाचताच ती गेली, तर हे दार कायमचं मुकं राहणार होतं, आणि ते तिला सलत होतं.

शेजारचा ईनस डोन पुस्तक घेऊन पायरीशी थांबला. मागे सगळं गाव.

“काय गं, यंदाही कानांवर हात?”

“आजीची बदनामी मीच वाचू होय?”

“तू वाचलंयस तरी का?”

“बाबांनी वाचलं होतं.”

“तुझ्या बापानं पहिलं वाक्य वाचलं न् पुस्तक चुलीत टाकलं, माझ्या आईच्या देखत! ऐकीव रागावर जन्म काढलास, बये.”

अल्मायराला मिरच्या झोंबल्या. तिनं पुस्तक हिसकावलं.

“‘डॉर्कसनं होडी चोरली,’” तिनं खणखणीत वाचलं आणि सगळ्यांकडे रोखून पाहिलं. कुणी हसलं नाही.

मग पुढचं वाक्य आलं. वादळात ईनसचा आजा खडकावर अडकला होता. होडीचा मालक होडी देईना, बाकीचे बाप्ये धक्क्यावर उभे राहून आभाळ बघत होते. डॉर्कस एकटी निघाली. लेखकानं वल्ह्याचा एकेक फटका असा लिहिला होता की अल्मायराचे खांदे भरून आले. केवढ्या मायेनं लिहिलं होतं या माणसानं! त्याच्या कबरीवर आपण कधी साधं फूल ठेवलं नाही, याची तिला लाज वाटली.

पान संपलं. ईनसनं हात पुढे केला.

“दे आता. आज्याच्या सुटकेचं पान आमच्या दारातलं.”

अल्मायरानं पुस्तक छातीशी धरलं.

“थांब रे जरा. आजी अजून समुद्रात आहे. तिला घरी आणू दे मला.”