कस्तुराबाईंचा सायरन

काळेवाडीतल्या कस्तुराबाईंच्या घरचा सायरन पाच आठवड्यांत सात वेळा वाजला आणि सातही वेळा चोर काही आला नाही. पहिल्या वेळी अख्खी गल्ली काठ्या घेऊन धावली. तिसऱ्या वेळी शेजारच्या छबूबाई तेवढ्या आल्या, त्याही हातात लाटणं घेऊन, पोळी तव्यावर टाकून. सातव्या वेळी कुणी खिडकीतूनही डोकावलं नाही. लांडगा आला रे आला असं रोज ओरडलं की शेवटी लांडग्याचंच फावतं, हे कस्तुराबाईंना कुणी वेगळं शिकवायला नको होतं.

सायरन बसवला होता त्यांच्या मुलानं, सुजितनं. गेल्या वर्षी गल्लीत दोन कुलपं फुटली, तेव्हा एकट्या आईची काळजी वाटून. पुढच्या दाराशी आकड्यांची पेटी, छताखाली भोंगा, आणि पुढच्या-मागच्या दोन्ही दारांना लोहचुंबकाचे जोड. एक तुकडा दाराला, दुसरा चौकटीला. दोघांत अंतर पडलं की पेटी समजते, दार उघडलं. मग भोंगा गल्ली डोक्यावर घेतो आणि चाकणला कंपनीत सुजितचा मोबाइल वाजतो. कस्तुराबाई रोज दुपारी दोन ते चार आडव्या होत, तेव्हा आतून कड्या घालून, पेटीवर चार आकडे दाबून सायरन जागा ठेवत. सणवार असो की सुट्टी, त्यात खंड नाही.

आता खरी गोम अशी की, सातही वेळा मोबाइलवर एकच ओळ उमटली: मागचं दार उघडलं. आणि सातही वेळा कस्तुराबाई म्हणाल्या, मी दाराला हात लावला नाही. मोबाइल खोटं बोलत नाही आणि आई सदुसष्ट वर्षांची, मग खापर कुणाच्या डोक्यावर फुटणार ते उघडच होतं.

सुजित वाईट नव्हता हो. लाइनवर मोबाइल चालत नाही, तरी सुपरवायझरच्या हातापाया पडून तो खिशात ठेवायचा. दोनदा तर अर्धी शिफ्ट टाकून, मोशीच्या गर्दीतून गाडी हाणत आला. दुसऱ्यांदा तर गाडी दारात चालूच ठेवून घरात धावला. आत आई धडधाकट, चहा टाकत होती. तेव्हा तो मटकन खुर्चीत बसला आणि म्हणाला, "आई, तू दार उघडतेस आणि विसरतेस गं."

"मी? अरे, तुझ्या बारशाला कोण कुठं बसलं होतं ते सांगू का?"

"जुनं लक्षात राहतं. नवीन जातं. डॉक्टरही तेच सांगतात." तो मान खाली घालून बोलत होता. "एक तारखेला भाडेकरू येतोय. त्याआधीच्या गुरुवारी मी न्यायला येतो. मारुंजीला आमच्याबरोबर राहा. तुझी सून दिव्याही म्हणते."

हे घर कस्तुराबाईंनी आणि नवऱ्यानं अंबाजोगाईहून आल्यावर, एकेक खोली करत, बारा वर्षांत उभं केलं होतं. नवरा गेला तोही याच घरातून. घर सुटणार याचं वाईट वाटलंच, पण त्याहून जास्त लागलं ते 'विसरतेस' हे. डोकं गेलं असं पोटच्या पोरानं ठरवल्यावर माणसानं कुठं दाद मागायची?

त्यांचं डोकं म्हणजे साधं नव्हतं. भोसरीतल्या रबरी पार्टच्या कंपनीत एकवीस वर्षं त्या तपासणीच्या टेबलावर होत्या. हजारो वॉशर हातांखालून जात आणि खोटा, म्हणजे बिघडलेला, बरोबर बोटाला लागे, मग त्यावर लाल पेनची फुली. खोटा माल वाढला की नवे साहेब आधी मशीनवरच्या माणसाला झापत. कस्तुराबाई मात्र म्हणत, "साहेब, आधी तारीख बघा, मग शिफ्ट बघा. माणसाला शिव्या शेवटी द्या." आणि बहुतेक वेळा शिव्या द्यायची पाळीच येत नसे.

तसं उपाय सुचवणारे कमी नव्हते. छबूबाईंनी घर बाधलंय असं निदान करून लिंबू-मिरची आणून बांधली. सायरन बसवणारा बुद्धरत्न तीनदा येऊन गेला. भला मुलगा. पेटी उघडली, बॅटरी मोजली, दार पंचवीस वेळा उघडून लावलं. तिन्ही वेळा सगळं ठणठणीत. तिसऱ्या वेळी तो नुसताच "मावशी, जरा जपून" म्हणाला आणि त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी, चहा पिता पिता त्यांचं लक्ष भिंतीवरच्या कॅलेंडरकडं गेलं. गॅसचा सिलिंडर कधी लावला ते त्या तिथं लिहीत, आणि सायरन वाजला त्या दिवसावर जुन्या सवयीनं लाल फुली मारत. सोमवारच्या ओळीत फुल्या होत्या. मंगळवारी, बुधवारी, शुक्रवारी, शनिवारी होत्या. रविवारीही एक होती. गुरुवारची ओळ कोरी.

कप तसाच राहिला. पहिल्यांदा त्यांना वाटलं, गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते, म्हणून असेल. पण वीज गेली तरी पेटी बॅटरीवर चालते, हे बुद्धरत्ननंच सांगितलं होतं. मग गुरुवारी आणखी काय बंद असतं? आणि त्या मोठ्यानं हसल्या. या पट्ट्यात गुरुवार म्हणजे कारखान्यांचा रविवार! सुजितची सुट्टी गुरुवारची, म्हणून तो बुद्धरत्नला बोलवायचाही गुरुवारीच. कारखाना बंद असताना खोटा माल शोधायला तिघंजण तीनदा जमले होते.

तो शुक्रवार होता. दुपारी त्या झोपल्या नाहीत. सायरन बंद ठेवून मागच्या दारापुढं स्टूल टाकून बसल्या, डोळ्यांवर चष्मा. तीनला दहा कमी असताना मागून आवाज आला, धप्प. मांडणीवरचे पेले किणकिणले. कस्तुराबाईंनी चुंबकाच्या दोन तुकड्यांवर नजर रोवली. पुन्हा धप्प. दार कडीतल्या कडीत केसभर उडालं आणि जागेवर आलं. त्यांनी वरची बिजागरी धरून हलवली. स्क्रू ढिले होते, लाकडातली भोकं मोठी झाली होती. चुंबकाचे तुकडे मुळातच लांब बसवलेले, त्यात हे दार उडणारं. दर ठोक्याला नाही, पण एखाद्या जोरकस ठोक्याला पेटी फसणारच.

त्या आवाजाच्या मागानं निघाल्या. दोन बोळ ओलांडून उद्धवरावांचं शेड लागलं. उद्धवराव मूळचे काळेवाडीचेच. शेती गेली तिथं वर्कशॉप आलं. दारात बाई बघून ते सावध झाले.

"आवाजाची तक्रार करनार आसाल तर आधीच सांगतो, पत्रा ठोकायचा दीडशे टनी प्रेस हाय. आलाय सव्वा महिन्यामागं. कापसात गुंडाळून न्हाई चालत."

"तक्रार कशाला करू? मला तुमच्या प्रेसचे ठोके पाहिजेत. येत्या गुरुवारी, अकरा वाजता."

"गुरवारी? गुरवारी आमी मशीनला हात लावत न्हाई, बाई. दत्ताला जातो."

"मग जा. माझा पोरगा मला यडी ठरवून घर रिकामं करायलाय, तेवढं येताना बघून जा."

उद्धवरावांनी टोपी काढून डोकं खाजवलं. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सकाळच्या आरतीला जाऊन येतो. किती ठोकं पायजेत?"

गुरुवारी सुजित गाडी घेऊन आला. बुद्धरत्न पेटी काढायला आला. छबूबाई डोळ्याला पदर लावायला आल्या. कस्तुराबाई मात्र इस्त्रीचं लुगडं नेसून अंगणात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसल्या होत्या, जणू त्यांच्याच घरी आज कार्य होतं.

"बॅग भरून ठेवलीय," त्या म्हणाल्या. "जाते मी. पण आधी माझं एक काम. सुजित, घराला बाहेरून कुलूप घाल, किल्ली तुझ्या खिशात ठेव. सायरन तुझ्याच मोबाइलवरून जागा कर. बुद्धरत्न, तू मागच्या बोळात जा आणि दारापुढं उभा राहा. दाराला हात लावू नकोस, कुणाला लावू देऊ नकोस."

"आई, काय चाललंय?"

"तपासणी."

आईचा तो सूर सुजितनं लहानपणी ऐकला होता. त्यानं मुकाट्यानं कुलूप घातलं. कस्तुराबाईंनी फोन लावला. "उद्धवराव, होऊ द्या."

धप्प. काही नाही. धप्प. काही नाही. छबूबाई तोंडावर हात ठेवून छताकडं बघत होत्या. तिसरा, चौथा, पाचवा ठोका झाला, भोंगा मुका. कस्तुराबाईंनी फोन कानावर दाबून धरला. सुजित पुढं आला, त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाला, "राहू दे आता, आई."

ते हळूच बोलणंच सहन झालं नाही. त्या चिडल्या, आणि चिडल्या की त्यांचं डोकं चांगलं चालायचं. ठोका ऐकला होता त्यांनी. शुक्रवारचा ठोका पोटात बसला होता, हा नुसता कानात वाजत होता.

"उद्धवराव," त्या फोनवर म्हणाल्या, "प्रेसखाली पत्रा लावलाय का?"

पलीकडून ओशाळलेला आवाज आला, "न्हाई बा. म्हनलं नुसतं दाखवायचं तर चांगला माल कशाला वाया घालवायचा?"

"रिकामा ठोका काय कामाचा? हवेवर हातोडा मारून जमीन हादरते होय? जाड पत्रा लावा. वाया गेला तर मी भरून देते."

"भरून काय देताय, लावतो की."

पत्रा लावायला मिनिटभर गेला. मग धप्प झालं, आणि हा ठोका खुर्चीच्या पायांतून वर आला. छबूबाईंच्या बांगड्या वाजल्या. दुसऱ्या ठोक्याला भोंगा असा कोकलला की कोपऱ्यावरचं कुत्रं शेपूट घालून पळालं.

सुजितच्या हातातला मोबाइल थरथरत होता. त्यानं वाचलं: मागचं दार उघडलं. त्यानं खिसा चाचपला, किल्ली खिशातच होती. तेवढ्यात बुद्धरत्न बोळातून धावत आला. "दादा, दार बंद आहे! मी डोळ्याची पापणी लववली नाही. उडालं नुसतं, एवढं!" त्यानं बोटांच्या चिमटीत अंतर दाखवलं. मग कस्तुराबाईंकडं वळून म्हणाला, "मावशी, मी तीनदा आलो आणि तिन्ही वेळा गुरुवारी आलो. चूक माझी. चुंबकही मीच लांब बसवलाय."

"आता कळालं ना? मग लाग कामाला," कस्तुराबाई म्हणाल्या.

हातच्या कांकणाला आरसा लागत नाही, पण छबूबाईंना राहवेना. त्या गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन, ज्याला त्याला थांबवून सांगत सुटल्या, की कस्तुराबाईंनी बसल्या जागेवरून भूत पकडलं. ज्यांनी सातव्या वेळी खिडकी उघडली नव्हती ते सगळे आता अंगणात गोळा झाले. आपण बांधलेल्या लिंबू-मिरचीबद्दल मात्र छबूबाई अवाक्षर बोलल्या नाहीत.

बुद्धरत्ननं बिजागरीच्या भोकांत लाकडाच्या खुंट्या ठोकल्या, नवे लांब स्क्रू आवळले, चुंबकाचे तुकडे जवळ आणले. पुन्हा फोन गेला. जाड पत्र्यावर दहा ठोके पडले, पेले किणकिणले, भोंगा गप्प. लोक टाळ्या वाजवायला लागले, पण कस्तुराबाईंनी हात वर केला. "अर्धीच तपासणी झाली. गप्प बसणारा सायरन काय चाटायचाय?" सुजितला सायरन बंद करायला लावून त्या आत गेल्या, पुढचं दार लावून चार आकडे दाबले आणि स्वतः मागचं दार खाडकन उघडलं. भोंग्यानं गल्ली डोक्यावर घेतली. आता टाळ्या वाजल्या त्या खऱ्या.

उद्धवराव नारळाचा प्रसाद घेऊन आले. "बाई, माझ्याकडं तपासनीला या. पोरं निस्ती मोबाइलात बघत्यात."

सुजित पायरीवर बसला होता. कस्तुराबाई त्याच्याजवळ टेकल्या. बराच वेळ तो चपलेच्या अंगठ्याशी चाळा करत राहिला. "मी तुला विसराळू म्हणालो," तो शेवटी म्हणाला. "मोबाइलवर विश्वास ठेवला, तुझ्यावर नाही. चुकलो गं, आई."

कस्तुराबाईंचे डोळे भरून आले. आनंद झाला होता आणि तो त्यांनी लपवला नाही. त्याच्या पाठीवर एक धपाटा घातला आणि म्हणाल्या, "भिऊन धावत यायचास, ते काय मला दिसत नव्हतं? भाडेकरूला फोन कर आधी."

त्यानं फोन केला. मग आत जाऊन भरलेली बॅग उचलली आणि स्वतः माळ्यावर टाकली.

जाता जाता बुद्धरत्ननं पेटीत नंबर नव्यानं भरायला घेतले. सायरन वाजला की पहिला फोन कुणाला करायचा, दुसरा कुणाला, अशी ती यादी. आजवर त्यात कस्तुराबाईंचं नावच नव्हतं. "पहिला दादांचाच ठेवू ना?"

"नाही," सुजित म्हणाला. "पहिला आईचा."

"दुसरा छबूबाईचा, तिसरा उद्धवरावांचा," कस्तुराबाईंनी पुढं सांगितलं. "याचा चौथा. चाकणहून हा येईस्तोवर चोर जेवून, विडा खाऊन जाईल. आणि दर महिन्याला तपासणी मी करीन. वार मी ठरवीन, गुरुवार सोडून."

दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. दुपारी दोन वाजता त्यांनी कड्या घातल्या, चार आकडे दाबले आणि आडव्या झाल्या. तीनला दहा कमी असताना मागून ठोका आला. पेले किणकिणले. तेवढ्यात फोन वाजला. चाकणहून सुजित होता.

"वाजला नाही रे," त्या झोपेतच म्हणाल्या.

"ते माहितीये, आई. दुसरंच विचारायचंय. आमच्या लाइनवर दोन दिवस माल खोटा निघतोय, साहेब एका पोराला काढायला निघालेत. मी काय बघू आधी?"

कस्तुराबाई उठून बसल्या आणि उशाचा चष्मा डोळ्यांवर चढवला. "तारीख सांग," त्या म्हणाल्या.