पानाबाईंची घरगाडी

शिरपुरात कस्तुरचंदांच्या किराणा दुकानामागे जुनी डॉज गाडी उभी होती. मागच्या भागात झोपायच्या दोन फळ्या, स्टोव्हचा ओटा, पाण्याची टाकी, खिडक्यांना पडदे. सारं गाव तिला घरगाडी म्हणे. आता तिच्यात मांजरीनं संसार थाटला होता, आणि थोरल्या मुलाला, केशरीचंदला, त्या जागी गोदाम बांधायचं होतं. बापलेकांचं काही जुळेना. शेवटी कस्तुरचंद बायकोकडे वळले.

"गाडी तुयासाठी बांधली होती. दुरुस्त करू का विकू, तूच सांग."

पानाबाई गाडीकडे पाहू लागल्या. लग्नानंतर त्यांनी चूल आणि मंदिर यांपलीकडे फारसं काही पाहिलं नव्हतं. सासूबाई गेल्यावर कस्तुरचंदांनी लिलावातून ही गाडी आणली, सुताराकडून आत घर बसवून घेतलं आणि म्हणाले, चल मुक्तागिरीले. पुढे कुंथलगिरी, मांगीतुंगी अशी जैनांची तीर्थं झाली. वाऱ्यानं डोक्यावरचा पदर उडे आणि त्या तो लवकर सावरत नसत.

गाडी चालवायला किन्हीराजाचा माणिकराव होता. बौद्ध घरातला, म्हणून दुकानाच्या पडवीत त्याचा कप कोनाड्यात वेगळा ठेवलेला असे. गाडीत कोनाडाच नव्हता. पहिल्या मुक्कामावर पानाबाईंनी सगळ्यांना सारख्याच कपांत चहा दिला, आणि घरी परतल्यावर कोनाड्यातला कप उचलून घरच्या कपांत मिसळून टाकला.

आता माणिकराव एष्टीत ड्रायव्हर होता. पानाबाईंचा निरोप मिळताच सुटीच्या दिवशी आला. गाडीखाली शिरला, बॉनेट उघडून पाहिलं, हँडल मारमारून घामाघूम झाला, तेव्हा कुठं इंजिन खोकलं.

"इंजिन जित्तं हाय, बाई. पन खालचा सांगाडा गंजला, फळ्या सडल्या. नीट होईन, पन पत्रा नवा लागन, लाकूडही नवं."

"म्हंजे दुसरीच गाडी."

"तसंच म्हना."

पानाबाईंना आत बसावंसं वाटलं. गुडघे वळेनात. माणिकरावानं खोकं लावलं, तेव्हा धापा टाकत त्या वर चढल्या. खिडकीतून उतरतं ऊन येत होतं. ते पाहून त्यांना एकाएकी काहीतरी आठवलं.

"माणिकराव, दिवस बुडायच्या आधी तुमी बरोबर झाडाखाली गाडी लावत होते. आमी त कधी सांगितलं नाई."

"तुमी दिवस बुडल्यावर जेवत नाई, हे मले मालूम होतं ना. दुपारपासूनच झाड अन् पानी पाहत जाओ मी."

"मले वाटे, तुमी थकले म्हनून थांबता."

"थकतही होतो," माणिकराव हसला.

"एकदाही उपाशी झोपलो नाई आमी. अन् मी तुमाले कधी बोललीच नाई. लई केलं तुमी आमच्यासाठी, भाऊ."

माणिकराव उगाच फडक्यानं हात पुसत राहिला.

गाडी विकायची आहे असं ऐकून त्याच आठवड्यात केनवडचा दौलतसिंग ती पाहायला आला. स्टोव्ह आणि कुलपं दुरुस्त करत तो बाजारोबाजार फिरे, बायको सुंदरबाई संगं असे. रात्री कुणाच्या तरी ओसरीवर पथारी पडायची. दौलतसिंग पत्रा ठोकून पाहत होता, तोवर सुंदरबाई थेट आत शिरली.

"वारा सुटला त स्टोव्ह कसा पेटवता, माय?"

"तिकडची खिडकी लावायची अन् वाऱ्याकडे पाठ करून बसायचं."

सुंदरबाई तशी बसून पाहू लागली. मग तिनं फळीवर हात फिरवला, पडदा सारला आणि पुन्हा उघडला. पानाबाई तिच्याकडे पाहत राहिल्या.

"या दोघायलेच देऊन टाका," त्या बाहेर येऊन म्हणाल्या.

"भंगारवाला जास्त देईन, माय," केशरीचंद म्हणाला.

"गाडी तुया मायची हाय," कस्तुरचंदांनी त्याला तिथंच थांबवलं.

मांजर आणि पिलं टोपलीत घालून पानाबाईंनी पडवीत नेली. दौलतसिंगाला गाडीच्या खोडी कळाव्यात म्हणून मालेगावच्या फाट्यापर्यंत माणिकरावच स्टिअरिंगवर बसला. सुंदरबाईनं खिडकीतून हात हलवला. धुरळा खाली बसेपर्यंत पानाबाई फाटकात उभ्या होत्या.

"वाईट वाटून राह्यलं?" कस्तुरचंदांनी विचारलं.

"काहून वाटन? घरात बसूनच म्हातारी झाली असती मी. तुमी मले मुलूख दाखवला."

कस्तुरचंदांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं बराच वेळ पुसला.

"बावनगजाचं दर्शन राहून गेलं आपलं," ते म्हणाले.

"एष्टी जाते ना," असं म्हणून पानाबाई चहा ठेवायला आत गेल्या.