शेवाळ भिजत घालणे

आईची सत्तरी तोंडावर आली, तरी घरातल्या तिघांच्या तारखा काही एकत्र नांदायला तयार नव्हत्या. आईच्या दवाखान्याच्या वेळा तिच्या फोनवर, थोरल्या थेकसूच्या बैठका ऑफिसच्या संगणकावर आणि धाकट्या मीरानच्या औषधांच्या दुकानातल्या पाळ्या तिच्या टॅबवर. तिन्ही कॅलेंडरं वेगवेगळ्या कंपन्यांची, एकमेकांशी अबोला धरलेली. शेवटी तेरा ऑक्टोबरला, रविवारी दुपारी, मीरान देजॉन शहरातल्या आपल्या घरी ती सगळी जोडायला बसली.

तीनच्या सुमाराला एकदाचं जुळलं, आणि आजच्याच रकान्यात एक हिरवी नोंद उगवली. 'संध्याकाळी सहा. शेवाळ भिजत घालणे.' स्वयंपाकातलं समुद्री शेवाळ. नोंद आली होती आईच्या फोनमधून, पण नोंद करणाऱ्याचं नाव बाबांचं होतं. बाबांना जाऊन चार वर्षं झाली होती.

तिने थेकसूला फोन लावला.

"दादा, बाबांची नोंद दिसतेय. शेवाळ भिजवायची."

"त्यांचं जुनं खातं जोडलेलं राहिलं असणार. कचरा आहे गं तो, काढून टाकतो."

"थांब ना, बघू तर दे."

"तू काय पोलिसात लागलीस? त्यापेक्षा सत्तरीच्या कार्यक्रमाला मामा येतायत का ते विचार."

मीरानला चैन पडेना. ती मागे मागे गेली. गेल्या वर्षी हीच नोंद पंचवीस ऑक्टोबरला होती. त्याच्या आदल्या वर्षी सहाला, त्याच्याही आधी सोळाला. बाबा इतके शिस्तीचे की मोजेसुद्धा वारांप्रमाणे घालायचे. त्यांची नोंद अशी भटकी कशी? तिने वार ताडून पाहिले, सुट्ट्या पाहिल्या, बाजाराचे दिवस पाहिले. कशाचा कशाला मेळ बसेना. मग सहज म्हणून चांद्र तारखा दाखवायचं बटण दाबलं, तर प्रत्येक वर्षी एकच तिथी. नवव्या महिन्याची अकरावी.

आई त्याच महिन्याच्या बारावीला जन्मली होती, आणि तिच्या पिढीचे वाढदिवस तिथीनेच धरतात.

म्हणजे आदल्या संध्याकाळी शेवाळ भिजवायचं आणि सकाळी, घरोघरच्या रीतीप्रमाणे, त्याचंच वाढदिवसाचं सूप! बाबा गेले त्या वर्षी थेकसूने तिथीवरून तारीख काढली होती, अठ्ठावीस ऑक्टोबर, आणि मोठ्या हुशारीने तीच तारीख 'दर वर्षी' म्हणून निवडून मोकळा झाला होता. तेव्हापासून सगळे अठ्ठावीसला केक घेऊन हजर. मोठ्यांचा वाढदिवस आधी केला तर चालतो, उलटून गेल्यावर करू नये, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. यांनी तीन वर्षं उलटून गेल्यावरच केला होता, आणि सत्तरीचा हॉलही अठ्ठावीसच्या आधीच्या शनिवारचा, सव्वीसचाच घेतला होता. आई एका शब्दाने बोलली नव्हती. मीरानला स्वतःची लाज वाटली.

तिने पुन्हा फोन केला आणि सगळं सांगितलं. थेकसूने ऐकता ऐकताच बाबांचं खातं परत उघडून पाहिलं.

"मी मघाशी ते खातंच बंद केलं गं," तो म्हणाला. "परत उघडत नाहीये. उद्या रजा टाकतो, येतो मी."

नवी नोंद टाकायला मिनिटही लागलं नसतं. पण ते मीरानला पटेना. तिने गाडीची किल्ली उचलली.

सहाला दहा कमी असताना ती गुन्सानला आईच्या घरी पोचली. आई स्वयंपाकघरात टेबलाशी बसली होती. समोर सुक्या शेवाळाचं पाकीट, पातेलं आणि फोन.

"तू गं कशी आज?"

"सहज."

सहा वाजले. फोन गप्प. आईने तो उचलला, ॲप्रनला पुसला, पुन्हा ठेवला.

"बिघडला वाटतं मेला. या वेळेला वाजतो."

"कशाला वाजतो?"

"तुझ्या बाबांनी लावून ठेवलंय. सूप तेच करायचे ना. आता मीच करते, पण तो वाजल्याशिवाय पाकिटाला हात लावत नाही." ती ओशाळं हसली. "वाटतं, तेच हाक मारतायत."

"आई, आता नाही वाजणार तो. आमच्याकडून बंद झाला."

आईने फोन पालथा घातला. म्हणाली, "मग तू सांग."

"काय सांगू?"

"शेवाळ भिजत घाल म्हणून. कुणीतरी सांगायला हवं ना."

मीरानने तिच्यासमोरचं पाकीट ओढून घेतलं.

"तू नाही, मी घालते. आणि उद्या सकाळी या स्वयंपाकघरात पाऊल टाकलंस, तर बघ."